अकरा विजय, दोन पराभव: गणपतराव देशमुख आणि सांगोला

३० जुलै २०२१ला भाई गणपतराव देशमुख सोलापुरात गेले. वय ९४. दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत जवळपास एकच मजकूर होता: एसटीनं फिरणारा आमदार, साधी राहणी, स्वच्छ चारित्र्य, एकच पक्ष, एकच मतदारसंघ, अकरा वेळा विजय. यातलं काहीही खोटं नाही. तरी वाचताना मला चुटपुट लागून राहिली. साधी राहणी आणि स्वच्छ चारित्र्य असलेली माणसं महाराष्ट्राच्या राजकारणात पुष्कळ होऊन गेली. त्यातल्या अनेकांची अनामत जप्त झाली. साधेपणावर निवडणूक जिंकता येते असं कुठल्याही कार्यकर्त्याला सांगून बघा, तो आदरानं मान हलवेल आणि पुढच्या कामाला लागेल.

म्हणून हे प्रकरण नीट उलगडून बघावंसं वाटलं. सोलापूर जिल्ह्यातला सांगोला हा दुष्काळी तालुका १९६२ ते २०१४ या काळात एकाच माणसाला अकरा वेळा विधानसभेत पाठवतो, तेही अशा पक्षाकडून जो त्याच काळात बाकी महाराष्ट्रातून आटत चालला होता. हे कशानं घडलं? आणि त्याची किंमत कुणी, कशी मोजली? माझ्या मते याचं उत्तर त्यांच्या अकरा विजयांपेक्षा दोन पराभवांत जास्त सापडतं. त्या पराभवांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

पेनूरहून सांगोल्याला

गणपतरावांचा जन्म १० ऑगस्ट १९२६चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. म्हणजे सांगोला हे त्यांचं जन्मगाव नव्हे. कायद्याचं शिक्षण झालेला हा तरुण शेतकरी कामगार पक्षात, म्हणजे शेकापमध्ये, आला तो काळ या पक्षाच्या जोमाचा होता. केशवराव जेधे आणि शंकरराव मोरे यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून १९४७-४८च्या सुमारास हा पक्ष उभा केला. बहुजन समाजातला शेतकरी आणि मार्क्सवाद यांची सांगड घालायचा तो प्रयत्न होता. १९५०मध्ये दाभाडीला पक्षानं आपली वैचारिक भूमिका ठरवली, तोच दाभाडी प्रबंध. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शेकाप अग्रभागी होता.

पण राज्य मिळालं आणि संयुक्त महाराष्ट्र समितीतल्या पक्षांच्या पायाखालची वाळू सरकली. जेधे आणि मोरे तर त्याआधीच काँग्रेसमध्ये परतले होते. यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण रंगात आलं होतं, गावोगावचे शेकापवाले एकेक करून काँग्रेसच्या मांडवात जाऊन बसत होते. १९६२ची निवडणूक ही महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरची पहिली. काँग्रेसनं २६४पैकी २१५ जागा घेतल्या. शेकापला १५ मिळाल्या. त्या १५ जणांत सांगोल्याचे गणपतराव होते, वय पस्तीस. लोक पक्ष सोडून चालले होते तेव्हा ते आले आणि निवडून आले. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढची साठ वर्षं परिस्थिती साधारण अशीच राहिली.

बहात्तर

१९६७ला ते पुन्हा निवडून आले. पक्षाचे १९ आमदार झाले, शेकापचा तो चांगला काळ. मग १९७२. बांगलादेशच्या युद्धानंतरची इंदिरा गांधींची लाट. काँग्रेस २७०पैकी २२२. शेकाप १९वरून ७वर आला आणि सांगोल्यात काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी गणपतरावांना हरवलं.

निवडणूक मार्चमध्ये झाली. त्या वर्षीचा पाऊस दगा देऊन गेला आणि बहात्तरचा दुष्काळ म्हणून आजही ज्याचं नाव घेतलं की म्हाताऱ्या माणसांचा आवाज बदलतो, तो दुष्काळ सोलापूर जिल्ह्यावर कोसळला. खडी फोडायची कामं, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. हजेरीपत्रकावर अंगठा, आठवड्याचा पगार, सुकडीची पाकिटं. ज्यांच्या घरी दहा-बारा एकर जमीन होती तेही कुटुंबं घेऊन खडीवर बसले, कारण पाण्याविना दहा एकर काय आणि शंभर एकर काय.

या काळात आमदार नसलेला एक माजी आमदार त्या तालुक्यात होता. दुष्काळी कामांवर काय चालायचं हे माहीत असलेल्यांना सांगायला नको: मस्टरवर नाव न लागणं, माप कमी धरणं, पगार आठवडा आठवडा लांबणं, काम मंजूर होऊन सुरूच न होणं. मजुराला भाषण नको असतं. मामलेदाराच्या कचेरीत आपल्या बाजूनं बोलणारा माणूस हवा असतो, आणि तो कायदा जाणणारा असेल तर आणखी बरं. शेकापची सगळी जडणघडणच अशा कामाची होती, मोर्चा आणि अर्ज, धरणं आणि निवेदन. काकासाहेबांचं निधन झालं, १९७४मध्ये पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव निवडून आले. तिथून १९९५पर्यंत कुणी त्यांना हलवू शकलं नाही.

पोटनिवडणूक एरवी सत्तेतल्या पक्षाला सोपी जाते. सरकारची सगळी ताकद एकाच मतदारसंघात ओतता येते आणि निवडून आलेल्याच्या निधनानंतरची सहानुभूतीही बहुधा त्याच बाजूला असते. १९७४मध्ये मुंबईत आणि दिल्लीत काँग्रेसचं राज्य होतं. तरी सांगोल्यानं शेकापचा लाल बावटा निवडला. माझ्या दृष्टीनं या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निकाल हाच. १९६२चा विजय एका तरुण उमेदवाराचा होता. १९७४ला लोकांनी दोन वर्षं दोन्ही बाजू अनुभवून निर्णय दिला.

शेपटाकडचं पाणी

सांगोला ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सह्याद्रीनं अडवलेल्या पावसाच्या पलीकडचा हा पट्टा. माण नदी तालुक्यातून जाते, पण वर्षातले बहुतेक महिने ती वाळूची नदी असते. खिल्लार जनावरं, मेंढपाळ, ज्वारी-बाजरी, ऊसतोडीला आणि दूरच्या शहरांत जाणारी कुटुंबं. शेजारच्या माळशिरस-पंढरपुरात कालव्याचं पाणी, ऊस आणि कारखाने यांच्याभोवती राजकारण फिरत होतं. सांगोल्यात राजकारण पाण्याच्या प्रतीक्षेभोवती फिरलं.

पाणी येणार कुठून? नीरा उजव्या कालव्याची सांगोला शाखा आहे, पण ती टेलला. कालव्याच्या भाषेत टेल म्हणजे शेपूट. मुखाकडच्या शेतकऱ्याचं भिजून उरलं तर शेपटाकडच्याला. आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कागदावर येतं आणि चारीत येत नाही, हे टेलच्या गावाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. चारीच्या तोंडाशी रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन बसलेला माणूस, वरच्या गावानं दार उघडलं की खाली येणारं पाणी हळूहळू बारीक होत जातं ते बघणारा, हा या भागातला खरा मतदार. त्याला आमदार कशासाठी हवा? तर पाटबंधारे खात्याच्या अधिकाऱ्याला फोन करून, पत्र लिहून, सभागृहात प्रश्न विचारून ते दार वेळेवर बंद करायला लावण्यासाठी.

दुसरी वाट कृष्णेची. कराड तालुक्यात टेंभूजवळ कृष्णेचं पाणी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं पंपांनी चढवत कडेगाव, खानापूर, तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी आणि शेवटी सांगोला, असं न्यायचं. ही टेंभू उपसा सिंचन योजना. नकाशा बघितला तर इथंही सांगोला शेपटालाच. त्यामुळे या तालुक्याच्या आमदाराला एकट्याच्या बळावर काही मिळण्यासारखं नव्हतं. वरच्या सगळ्या तालुक्यांना पाणी मिळालं तरच खाली सांगोल्याला मिळणार. गणपतरावांच्या राजकारणाची किल्ली मला इथं दिसते.

१९९३पासून आटपाडीला पाणी परिषदा सुरू झाल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि गणपतराव या चळवळीच्या पुढच्या फळीत होते. कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची ती चळवळ. मागणी साधी होती: कृष्णेच्या पाण्यातला दुष्काळी भागाचा वाटा द्या, आणि तो देताना जमिनीच्या आकारानुसार न देता कुटुंबामागे समान द्या. समन्यायी पाणीवाटप हा शब्द महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात रुळला तो बऱ्याच अंशी या परिषदांमुळे. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं महाराष्ट्राला दिलेलं पाणी २००० सालापर्यंत वापरात आणायचं, नाहीतर पुढच्या फेरविचारात आपली बाजू लंगडी पडणार, ही घाईही सरकारवर होती. १९९६मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि टेंभू योजनेला मंजुरीही त्याच वर्षी मिळाली.

आणि त्या वर्षी गणपतराव आमदार नव्हते.

हे मी मुद्दाम सांगतो. आयुष्यभर ज्या पाण्यासाठी हा माणूस झगडला, त्याची मोठी योजना मंजूर झाली तेव्हा तो सभागृहाबाहेर होता, राज्यात युतीचं सरकार होतं आणि सांगोल्याचे आमदार होते शहाजीबापू पाटील. मग श्रेय कुणाचं? मला वाटतं, परिषदांनी दबाव तयार केला, लवादाच्या मुदतीनं निकड तयार केली आणि नव्या सरकारला पश्चिम महाराष्ट्रात आपलं काहीतरी दाखवायचं होतं. तिन्ही गोष्टी जुळून आल्या. एकाच माणसानं पाणी आणलं अशी कथा सांगायला बरी वाटते, पण उपसा योजना त्या पद्धतीनं मंजूर होत नाहीत. मंजुरीनंतरची गोष्टही लांबलचक आहे: निधी नाही, भूसंपादन अडकलेलं, पंपांचं वीजबिल कोण भरणार याचा वाद, आणि टेलला असल्यामुळे सांगोल्याची पाळी सर्वांत शेवटी. पुढची वीस वर्षं गणपतराव प्रत्येक अधिवेशनात या एकेका गाठीवर बोलत राहिले. कंटाळवाणं काम होतं ते. पण अशी कामं कंटाळवाणीच असतात.

कापूस नसलेल्या तालुक्यात सूतगिरणी

शेतकरी सहकारी सूतगिरणी हे त्यांनी उभं केलेलं सर्वांत ठळक काम. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तिथं सूतगिरणी, हे ऐकणाऱ्याला पहिल्यांदा चुकीचंच वाटतं. पण ज्या तालुक्यात उसाला पाणी नाही तिथं साखर कारखाना काढून काय करणार? कारखान्याला पाणी आणि ऊस जवळ लागतो. गिरणीला गाठी बाहेरून आणता येतात. लागते ती वीज, भांडवल आणि वेळेवर येणारी माणसं. सूत खपवायला सोलापूरचे आणि इचलकरंजीचे यंत्रमाग हाकेच्या अंतरावर.

सूतगिरणी आतून कशी असते हे एकदा बघावं. दारातून आत पाऊल टाकलं की कानात एकसारखी घरघर भरते आणि शेजारच्या माणसाशीही ओठांच्या हालचालीवर बोलावं लागतं. गाठी फोडून कापूस पिंजला जातो, त्याची जाड मऊ दोरी होते, ती ओढून ओढून बारीक होत जाते आणि शेवटी हजारो चात्यांवर पीळ घेत सूत गुंडाळलं जातं. ओळीनं उभ्या चात्यांमधून एक बाई सारखी चालत असते, नजर धाग्यावर. तुटलेला धागा दिसला की दोन बोटांत धरून क्षणात जोडते आणि पुढं चालू लागते. एका पाळीत ती किती किलोमीटर चालत असेल कोण जाणे. ज्या तालुक्यातल्या बाईला आधी खडी फोडायची किंवा कोयता घेऊन बाहेरच्या जिल्ह्यात जायचं एवढेच पर्याय होते, तिला महिन्याच्या महिन्याला पगार देणारी ही जागा होती. पुढे महिलांची वेगळी सहकारी सूतगिरणीही झाली.

महाराष्ट्रातल्या सहकारी सूतगिरण्यांचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. सभासदांचे थोडे पैसे, सरकारचं मोठं भागभांडवल, वर कर्ज. कितीतरी गिरण्या नेत्यांच्या नावावर मंजूर झाल्या, शेड उभी राहिली, यंत्रं आली किंवा आलीच नाहीत, आणि कर्ज मात्र राहिलं. सांगोल्याची गिरणी चालली. नोकरभरतीत आपलेपणा, खरेदीत टक्का, संचालकांच्या गाड्या, ही तीन भोकं बुजवली तर सहकारी संस्था चालते. यात गूढ काही नाही. फक्त ती भोकं बुजवायची तर संस्थेच्या प्रमुखाला स्वतःच्या माणसांना रोज नाही म्हणावं लागतं. साधेपणाचा खरा उपयोग इथं होतो. जो स्वतः गिरणीची गाडी वापरत नाही, तोच संचालकाला गाडी नाकारू शकतो.

एसटीच्या पुढच्या बाकड्यांजवळ पत्र्यावर रंगवलेली अक्षरं आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत: विधानमंडळ सदस्यांसाठी राखीव. त्या जागेवर कुणी आमदार बसलेला बघितल्याचं बहुतेकांना आठवत नाही. सांगोल्याच्या लोकांनी बघितला. त्याचा परिणाम भाबड्या कौतुकापुरता नव्हता. आमदार ज्या गाडीनं जातो त्याच गाडीत बाजाराला निघालेला माणूस आपलं गाऱ्हाणं सांगू शकतो, मध्ये कुणी पीए नाही, कुणी चिठ्ठी देणारा नाही. तालुक्यातल्या दुसऱ्या फळीच्या पुढाऱ्यांना मधल्या मध्ये वजन मिळवायला जागाच उरत नाही. सांगोल्यात गावोगावी छोटे सरदार फारसे तयार झाले नाहीत, याचं एक कारण हे असावं. त्याचीच दुसरी बाजू शेवटी महागात पडली. ती पुढे येईल.

पक्ष आटत गेला

शेकापच्या आमदारांचे आकडे ओळीनं वाचा. १९६२: १५. १९६७: १९. १९७२: ७. १९७८: १३. १९८०: ९. १९८५: १३. १९९०: ८. १९९५: ६. १९९९: ५. २००४: २. २००९: ४. २०१४: ३. एके काळी राज्यभर पसरलेला पक्ष रायगड, सांगोला आणि इतर दोन-चार ठिकाणी उरला.

या घसरणीत गणपतरावांना दुसरीकडे जाण्याच्या संधी किती आल्या असतील याचा अंदाज कुणीही बांधू शकतो. १९७७-७८मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७८ला शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकार आलं तेव्हा शेकाप त्यात होता, एन. डी. पाटील मंत्री झाले, गणपतरावही मंत्री झाले. फेब्रुवारी १९८०मध्ये ते सरकार बरखास्त झालं. त्यानंतर पुलोदमधले कितीतरी जण यथावकाश काँग्रेसमध्ये स्थिरावले. स्वतः पवारही १९८६मध्ये परतले. गणपतराव नाही गेले. १९९९मध्ये विलासराव देशमुखांच्या आघाडी सरकारात ते पुन्हा मंत्री झाले. २००२च्या जूनमध्ये रायगडच्या स्थानिक राजकारणावरून शेकाप आणि राष्ट्रवादी यांच्यात फाटलं, पक्षानं पाठिंबा काढला आणि मंत्रिपद गेलं. वाद रायगडचा, नुकसान सांगोल्याचं. पाण्यासाठी धडपडणाऱ्या तालुक्याचा आमदार मंत्रिमंडळात असणं किती मोलाचं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? तरी पक्षाचा निर्णय म्हणजे निर्णय.

इथं माझं मत स्पष्ट सांगतो. ही निष्ठा मला थोर वाटते आणि तिनं तालुक्याचं नुकसानही केलं. दोन्ही खरं आहे. पन्नासहून अधिक वर्षांतली जेमतेम चार-पाच वर्षं सोडली तर सांगोल्याचा आमदार सत्तेबाहेर राहिला. विरोधक प्रत्येक निवडणुकीत हेच म्हणत: इतकी वर्षं आमदार, मग पाणी का नाही? हा प्रश्न अप्रामाणिक नव्हता. टँकर सुरूच होते, दुष्काळात चारा छावण्या लागतच होत्या. याला उत्तर असं होतं की सत्तेत जाऊन पाणी आणलेल्या आमदारांच्या तालुक्यांत ते पाणी आधी कुणाच्या उसाला गेलं तेही बघा. सांगोल्यात शेततळी, ठिबक आणि डाळिंब यांनी वेगळी वाट काढली. अजनाळ्यासारखी गावं थोड्या पाण्यावरच्या डाळिंबासाठी ओळखली जाऊ लागली. २८ डिसेंबर २०२०ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्याहून, पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे. याचं श्रेय शेतकऱ्यांचं आहे, कुठल्याच पुढाऱ्याचं नाही. पण कमी पाण्यात सगळ्यांचं थोडं थोडं भागवायचं, ही त्या तालुक्याची वृत्ती पाणी परिषदांच्या मांडणीशी जुळणारी आहे, एवढं मला नक्की दिसतं.

१९२

१९९५मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी गणपतरावांना १९२ मतांनी हरवलं. त्या निवडणुकीत राज्यभर प्रस्थापितांविरुद्ध हवा होती, काँग्रेसची सत्ता गेली, ४५ अपक्ष निवडून आले. गंमत अशी की सांगोल्यात काँग्रेसच जिंकली, कारण इथं प्रस्थापित म्हणजे गणपतराव होते. एकवीस वर्षं सलग आमदार असलेल्या माणसाबद्दल नव्या मतदाराला काय वाटत असेल? बहात्तरची खडी त्यानं पाहिली नव्हती. समोर तिशीतला, फर्डा बोलणारा उमेदवार होता. १९२ मतं म्हणजे एखाद्या वस्तीनं मनावर घेतलं असतं तरी निकाल फिरला असता.

त्यानंतर सत्तरीकडे झुकलेल्या माणसानं घरी बसायला हरकत नव्हती. ते पुन्हा गावं फिरू लागले, पाणी परिषदांना जात राहिले, आणि १९९९मध्ये जिंकून आले. मग २००४, २००९, २०१४. शेवटच्या निवडणुकीत त्यांना ९४,३७४ मतं पडली, शहाजीबापूंना ६९,१५०. वय ८८.

त्या विजयानंतर एक दावा सर्रास छापला गेला की हा देशातला, किंवा जगातला विक्रम आहे. तो खरा नाही. केरळात के. एम. मणी पाला मतदारसंघातून तेरा वेळा निवडून आले, करुणानिधीही तमिळनाडूत तेरा वेळा जिंकले. अकरा विजय ही महाराष्ट्रातली सर्वोच्च संख्या आहे, आणि तेवढं पुरेसं आहे. ज्या माणसानं हयातभर स्वतःबद्दल वाढवून बोलणं टाळलं, त्याच्याबद्दल आपणही वाढवून बोलू नये.

वारस

२०१९मध्ये त्यांनी लढायचं नाही असं ठरवलं. वय ९३. आणि तिथं त्या दुसऱ्या बाजूची किंमत समोर आली. सत्तावन्न वर्षांत तालुक्याला आणि त्यांच्यामध्ये कुणीच उभं नव्हतं, त्यामुळे त्यांच्यानंतरही कुणी उभं नव्हतं. पक्षानं आधी एका उद्योजक कार्यकर्त्याचं नाव जाहीर केलं. कार्यकर्ते बिथरले. शेवटी उमेदवारी गेली नातवाकडे, डॉ. अनिकेत देशमुखांकडे. घराणेशाहीला कायम विरोध करणाऱ्या पक्षाला आपला बालेकिल्ला राखायला घरातलंच नाव लागलं, हे मला अजूनही बोचतं. पण कार्यकर्त्यांचीही बाजू आहे. मतदार ज्या नावाला साठ वर्षं ओळखतो त्या नावाशिवाय लाल बावट्याला मत पडेल का, याची त्यांना धास्ती होती. निकालानं ती धास्ती थोडीफार खरी ठरवली. आता शिवसेनेत असलेले शहाजीबापू ९९,४६४ मतांवर, अनिकेत ९८,६९६ मतांवर. फरक ७६८. म्हणजे शेकापनं या जागेवर खाल्लेली अलीकडची दोन्ही हार हजाराच्या आतली, आणि दोन्ही वेळा समोर तोच माणूस.

दीड-पावणेदोन वर्षांत गणपतराव गेले. सांगोल्यात सूतगिरणीच्या आवारात त्यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. गिरणीच्या त्या आवाराइतकी योग्य जागा दुसरी नव्हती.

२०१९नंतरची पाच वर्षं म्हणजे या प्रकरणातला एक नैसर्गिक प्रयोगच आहे. जून २०२२मध्ये शहाजीबापू शिंदे गटाबरोबर गुवाहाटीला गेले, तिथून कार्यकर्त्याशी केलेल्या फोनवरच्या ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’नं ते महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचले. सांगोल्याचा आमदार आता सत्तेत होता, मुख्यमंत्र्यांच्या जवळचा होता. तालुक्यासाठी बाळासाहेब ठाकरेंच्या नावाची उपसा सिंचन योजना मंजूर झाली. गणपतरावांच्या विरोधकांचं म्हणणं जर बरोबर असेल, की सांगोल्याला फक्त सत्तेतला आमदार हवा होता, तर २०२४ला शहाजीबापू आरामात निवडून यायला हवे होते.

१३ ऑगस्ट २०२३ला सांगोल्यात गणपतरावांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. व्यासपीठावर शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस शेजारी शेजारी. राष्ट्रवादी फुटून दीड महिनाही झाला नव्हता, त्यामुळे कॅमेरे त्या दोघांवरच होते. सांगोल्याची माणसं पुतळ्याकडे बघत होती.

२०२४च्या निवडणुकीत लढत तिरंगी झाली. शेकापकडून दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख. शिवसेनेकडून शहाजीबापू. आणि महाविकास आघाडीत जागेचा तिढा न सुटल्यामुळे उद्धव ठाकरेंच्या सेनेकडून दीपक साळुंखे-पाटील, १९७२ला गणपतरावांना हरवणाऱ्या काकासाहेबांच्या घरातले. आघाडीची मतं फुटली होती, राज्यभर महायुतीची जोरदार लाट होती, शेकापला रायगडात एकही जागा जिंकता आली नाही. सांगोल्यात बाबासाहेब देशमुख २५,३८६ मतांनी जिंकले. २०१४ला आजोबांचं मताधिक्य २५,२२४ होतं.

आज २८८ जणांच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचा एकच आमदार आहे, सांगोल्याचा.